गॉब्लिनचा आवाज काढायचे किती घेणार?

शनिवारच्या खेळाची तयारी माझी भाची गुरुवारी रात्री सुरू करते. जेवणं उरकली, टेबल पुसलं, की तिथे आधी एक फुलस्केप वही येते, मग कडा दुमडलेली चौसष्ट पानांची पुस्तिका, मग पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं आणि शेवटी फाशांची डबी. पुस्तिकेचं नाव ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या स्टार्टर सेटमध्ये ती यायची आणि जगभरच्या नवशिक्यांनी हा खेळ तिच्यावरच गिरवला आहे. मजकूर तयार, नकाशे तयार, राक्षसांचे आकडेसुद्धा तयार. मग ही पोरगी दोन-अडीच तास करते तरी काय, ते बघायला मी खुर्ची ओढून शेजारी बसलो.

ती कापाकापी करत होती. पुस्तिकेतलं गुहेचं लांबलचक वर्णन तिने एका कार्डावर इतकंच उतरवलं: ओढा, काळोख, लांडग्यांचा वास, वर पूल. बाकीचं तोंडी. वाचून दाखवायला लागलं की लोक मोबाइल काढतात, ती म्हणाली. दुसऱ्या कार्डावर नुसती नावं. खेळणारे रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक हमालाला आणि खानावळवालीला नाव विचारतात, आणि तेव्हा जरा जरी अडखळलं तरी ते माणूस खोटं वाटायला लागतं. म्हणून आधीच नावं लिहून ठेवायची आणि वापरलं की खोडायचं. तिसऱ्या कार्डावर खेळणाऱ्यांची नावं होती आणि एकापुढे फुली.

“ही कशाची?”

“मामा, हा मागच्या वेळी तासभर बोललाच नाही. ह्या वेळी पहिला प्रश्न त्याला.”

मग चौकटीच्या कागदावर गुहेचा नकाशा. एक इंच म्हणजे खेळातले पाच फूट. मग गॉब्लिन ह्या राक्षसाचे आकडे पुन्हा एकदा तपासणं: त्याला वार लागायला फासा आणि कौशल्य मिळून निदान पंधरा यावे लागतात आणि त्याच्या अंगात सात गुणांचा जीव असतो. आणि सर्वांत शेवटी वहीत एक पान, वर मथळा: ‘गुहेत गेलेच नाहीत तर’. त्या पानावर तिने सर्वांत जास्त वेळ घालवला. त्यातलं काहीच वापरावं लागणार नाही, हे तिला माहीत होतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण पात्र घेत नाही, तो बाकीचं सगळं जग चालवतो. पाऊस तो पाडतो, सराईचा मालक तो होतो, राक्षसही तोच. त्याला डंजन मास्टर म्हणतात, डी अँड डीच्या बाहेरच्या तशाच खेळांत गेम मास्टर. “मी दार लाथेने उघडतो,” असं खेळणारा म्हणाला की वीस पैलूंचा फासा पडतो, आणि दार उघडलं की पाय मुरगळला हे मास्टर सांगतो. पट असलाच तर सोयीपुरता, बाकी सगळं बोलण्यात. कोणी जिंकत नाही. खेळ तीन-चार तास चालतो आणि पुढच्या आठवड्यात तिथूनच पुढे, कधीकधी वर्षानुवर्षं. एका टेबलाचं काम बहुतेक एकाच्याच अंगावर पडतं, हा ह्या खेळाच्या बांधणीतलाच भाग आहे. आणि त्या एकाने पैसे घ्यावेत का, यावर खेळणाऱ्यांत जुना आणि चांगलाच चिडका वाद आहे.

माझ्या बहिणीने, म्हणजे तिच्या आईने, स्वयंपाकघरातूनच निकाल दिला होता. “हौसेचे कसले पैसे घ्यायचे?”

भाची शनिवारचे घेत नाही. रविवारचे घेते.

शनिवार आणि रविवार यांच्याकडे येण्याआधी ह्या मास्टरच्या कुळाकडे बघायला हवं, कारण ‘पहिल्यापासून फुकटच असतं’ हे जे सांगितलं जातं ते तपासल्यावर टिकत नाही. ह्या माणसाचा पूर्वज प्रशियाच्या सैन्यात सापडतो. १८२४ साली राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ‘क्रीगस्पील’ हा युद्धखेळ सैन्यापुढे ठेवला. दोन बाजू आपापले हुकूम लिहून द्यायच्या आणि मधला पंच नकाशावर ठोकळे हलवून, फासे आणि कोष्टकं पाहून काय घडलं ते सांगायचा. शत्रू नजरेच्या टप्प्यात आला की नाही, हेही तोच ठरवायचा. पुढे कोष्टकं इतकी माजली की खेळ रेंगाळायला लागला, तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ ह्या अधिकाऱ्याने कोष्टकं बाजूला सारून अनुभवी पंचाच्या विवेकावर भिस्त ठेवा, असा आग्रह धरला. हा पंच सैन्यातला अधिकारी असे. पगारी माणूस, कामाच्या वेळेत काम करणारा. तो कोणाचा उपकारकर्ता नव्हता.

हा पंच अमेरिकेत कसा पोचला ती गोष्ट मला फार आवडते. चार्ल्स टॉटन नावाच्या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगॉस’ नावाचं युद्धखेळाचं पुस्तक काढलं. जवळपास नव्वद वर्षांनी मिनेसोटात डेव्हिड वेस्ली ह्या खेळवेड्या तरुणाला ते ग्रंथालयात सापडलं, आणि काय करायचं ते खेळणाऱ्याने सांगावं, शक्य आहे का ते पंचाने ठरवावं, ही कल्पना त्याने उचलली. १९६९ च्या सुमाराला त्याने ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर खेळ मांडला. सैन्यांच्या जोडीने गावातली माणसंही त्याने खेळणाऱ्यांना वाटून दिली. झालं असं की सैन्य राहिलं बाजूला आणि एकेक जण पंचाला कोपऱ्यात घेऊन आपापली कारस्थानं सांगायला लागला. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. खेळणाऱ्यांनी दुसरा कधी, असं विचारलं. त्यांतल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ‘ब्लॅकमूर’ नावाचं स्वतःचं जग चालवायला घेतलं, ते विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सला दाखवलं, आणि १९७४ मध्ये दोघांच्या नावाने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. हाताने जुळवलेल्या हजार पेट्या, पेटी दहा डॉलरला.

पंच फुकट काम करायला लागला तो इथे, मिनेसोटातल्या तळघरांत, मित्रांमध्ये. पण खेळ मात्र पहिल्या पेटीपासून विकला जात होता. १९७९ मध्ये आर्नेसनला आपल्या हक्काच्या मानधनासाठी प्रकाशक कंपनीवर, म्हणजे टीएसआरवर, दावा लावावा लागला. तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. ज्याच्या टेबलावरून हा खेळ निघाला त्याचा आणि पैशांचा संबंध असा कोर्टातून आला.

आता शनिवार. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पाच जण, सगळे कॉलेजचे मित्र. सहाला ठरलेलं, पावणेसातला चौघं जमले, पाचव्याचा फोन आला की पोचतोय, सुरू करा. चहा, वेफर्स, मग कोणाच्या तरी बदलीची बातमी. सव्वासात झाले. भाचीने पुठ्ठ्याचा पडदा उभा केला, त्याच्यामागे आपले फासे ठेवले आणि आवाज न चढवता म्हणाली, “रस्त्यात दोन घोडे मेलेले पडलेत. अंगात काळ्या पिसांचे बाण.” वेफर्सची पिशवी वाजायची थांबली.

ह्या गोष्टीत एक गंमत आहे. पात्रं त्या रस्त्याला लागलेली असतात ती मजुरीने: सामानाची गाडी नेव्हरविंटरहून फँडलिन गावात पोचवायची आणि माणशी दहा सोन्याची नाणी घ्यायची. म्हणजे खेळातल्या हमालीचा भाव पुस्तिकेत छापलेला आहे. खेळ चालवण्याचा नाही.

गॉब्लिनांनी झाडीतून हल्ला केला. तिचा गॉब्लिन कोल्हापुरी बोलतो. “काय रं, गाडी कुनाची? आमच्या हद्दीतनं जातायसा आन् इचारायचं न्हाई?” सगळे खो खो हसले, आणि हसता हसताच एकाला बाण लागला. मी तिच्या हातांकडे बघत होतो. उजव्या हाताने फासा, डाव्याने वहीत जखमांची वजाबाकी, डोळे समोरच्यांवर. फुलीवाला मुलगा कोपऱ्यात गप्प होता. दुसरा कोणी बोलायच्या आत ती त्याच्याकडे वळली. “तू चोर आहेस. झाडीत मागच्या बाजूला काहीतरी सरकलं, ते तुझ्या एकट्याच्या कानावर पडलंय. सांगतोस का ह्यांना?” त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, नाही सांगत. पुढचा अर्धा तास खेळ त्याने चालवला.

गुहेत यीमिक नावाचा गॉब्लिन आहे. त्याच्याकडे एक जखमी ओलीस असतो आणि त्याला आपल्याच म्होरक्याचं, क्लार्गचं, मुंडकं हवं असतं. ते आणा, माणूस घेऊन जा, असा त्याचा सौदा. पुस्तिकेत ह्या सौद्याच्या दोन-तीन वाटा दिल्या आहेत. शनिवारच्या मंडळींनी त्यांतली एकही घेतली नाही. एकीने यीमिकला सांगितलं की आम्ही क्लार्गला मारणार नाही, आपण गुहेत निवडणूक घेऊ. पडद्यामागे भाची दोन क्षण थांबली. तिच्या ‘गेलेच नाहीत तर’ पानावर निवडणूक नव्हती, कुठल्याच पानावर नव्हती. मग यीमिकने खाकरून विचारलं, “मतं इकत घेता येत्यात न्हवं?” पुढचा तास गॉब्लिनांचा प्रचार चालला. इतका हसलेला तास मी अलीकडे अनुभवलेला नाही. साडेदहाला सगळे उठले. बश्या विसळायला एक जण थांबला, बाकीचे कॅबच्या मागे.

रविवारी पहाटे पाचला भाचीचा गजर झाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारचे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे रविवारचे पहाटेचे साडेपाच असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे सरकली की तिला तासभर जास्त झोप मिळते आणि मार्चमध्ये तो तास परत द्यावा लागतो. लॅपटॉप, हेडफोन, शेजारी थर्मासमध्ये चहा. नकाशा रोल२० वर, बोलणं डिस्कॉर्डवर. पाच जण: ओहायोची एक नर्स, जॉर्जियातले बापलेक, एक निवृत्त शिक्षक आणि एक गृहस्थ ज्यांनी आपण काय करतो हे कधी सांगितलं नाही. माणशी पंधरा डॉलर, आधी भरायचे. चोवीस तासांच्या आत रद्द केलं तर पैसे परत नाहीत. साडेपाचला दोन मिनिटं कमी असताना पाचही जण हजर होते.

मी मागे स्टुलावर बसून होतो. सुरुवात थट्टेने झाली नाही, उजळणीने झाली: मागे काय घडलं, कोण कुठे उभं आहे, कोणाच्या अंगात किती जीव आहे. गेल्या महिन्यात कोळ्यांची भीती वाटते असं एकाने सांगितलं होतं, म्हणून पुस्तिकेतले कोळी तिने काढून टाकले होते. अशा हद्दी सहसा पहिल्या खेळाआधीच्या एका वेगळ्या बैठकीत ठरतात, तिला सेशन झीरो म्हणतात, आणि मध्येच कोणाला काही नको झालं तर फक्त ‘एक्स’ टाइप करायचा, कारण विचारायचं नाही. शनिवारी ह्यातलं काहीच नसतं. शनिवारच्यांना एकमेकांच्या भीत्या कॉलेजपासून पाठ आहेत. गॉब्लिन रविवारीही होते, पण ते साध्या, जरा खरखरीत इंग्रजीत बोलले. कोल्हापुरी गॉब्लिन पंधरा डॉलरमध्ये येत नाही, कितीही डॉलरमध्ये येत नाही. तो त्या पाच जणांसाठीच आहे.

मग नर्सबाईंचं पात्र पडलं. ह्या खेळात जीव शून्यावर आला की लगेच मरण नसतं. आपली पाळी आली की वीसचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आलं तर एक यश, खाली आलं तर एक अपयश. तीन यश आधी जमली तर पात्र सावरतं, तीन अपयश आधी जमली तर संपतं. आणि चक्क एक पडला तर दोन अपयश एकदम. बाईंना पहिल्यांदा सहा पडले. बाकीचे त्यांच्यापर्यंत पोचायला धडपडत होते, पण मधे ओढा होता. दुसऱ्यांदा फासा पडला आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकाच वेळी आकडा उमटला: एक.

कोणी काही बोललं नाही. भाचीच्या पडद्याच्या कोपऱ्यात मात्र खासगी निरोप आला, त्या काम न सांगणाऱ्या गृहस्थांचा. मतलब असा, की ह्या बाई कित्येक महिने नियमाने पैसे भरतायत, काहीतरी करून वाचव त्यांना. भाचीने एका शब्दात नकार टाइप केला, मायक्रोफोन सुरू केला आणि बाईंना विचारलं, “तुमच्या पुजारिणीला शेवटचं काय दिसतं?” बाई बराच वेळ बोलल्या. त्यांना सुचलं ते इथे लिहिणं बरं नाही, ते त्या टेबलाचं आहे.

पैसे घेणाऱ्या मास्टरवर सर्वांत मोठा आक्षेप नेमका इथेच असतो. जो पैसे भरतो त्याला हरायला आवडत नाही, आणि जिला त्याने पुढच्या आठवड्यात परत यायला हवंय ती त्याला हरू देणार नाही. मग पंच पंच राहत नाही. त्या दिवशी दुपारी मी तिला हे विचारलं. तिचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

“मामा, फासे मी शनिवारी बदलते. रविवारी नाही.”

शनिवारी तिच्यापुढे पुठ्ठ्याचा पडदा असतो. मागे काय पडलं ते तिलाच दिसतं. आठवडाभर ऑफिसात रगडून आलेला मित्र पहिल्या दहा मिनिटांत मरायला लागला तर ती अठराचे अकरा करते. डंजन मास्टरसाठीच्या अधिकृत मार्गदर्शक पुस्तकातही पडद्याआडच्या ह्या चलाखीला मज्जाव नाही. शनिवारी कोणी तिला जाब विचारणार नाही, कारण कोणी तिला काही दिलेलं नाही. रविवारी सगळे फासे सगळ्यांना दिसतात. ही अट तिनेच घातली, पैसे घ्यायचं ठरवलं त्या दिवशी. तिचं म्हणणं असं, की एकाला वाचवलं तर बाकी चौघांच्या साठ डॉलरांची फसवणूक होते.

सगळेच असं वागतात, असं माझं म्हणणं नाही. ‘स्टार्टप्लेइंग’सारख्या ज्या संस्थळांवर असे मास्टर मिळतात तिथे तारे आणि अभिप्राय असतात, आणि तारे माणसाला मऊ करतात. मृत्यूच नसलेली टेबलंही आहेत. ती उघड सांगून चालवली जात असतील तर मला त्यांत वावगं दिसत नाही. लपवून चालवली तर ती लबाडी, मग पैसे घ्या किंवा घेऊ नका.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. कीर्तन करून द्रव्य घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही तुकोबांनी खडसावलं आहे, आणि त्याच महाराष्ट्रात नारदीय कीर्तनकाराला बिदागी देण्यात कोणाला कधी संकोच वाटला नाही. दोन्ही रीती आजही शेजारी शेजारी नांदतात. तुकोबांचा आक्षेप देव विकण्याला होता. बिदागी मिळते ती बुवांच्या पाठांतराला, गळ्याला, चालत आलेल्या वाटेला. पण बिदागी मोठी म्हणून बुवांनी पूर्वरंगातच यजमानांची स्तुती सुरू केली, तर श्रोत्यांत कुजबुज होतेच. बहिणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, कीर्तनाला निदान प्रसाद तरी असतो.

आता हिशेब. पाच जणांचे पंचाहत्तर डॉलर. संस्थळाची कपात, पैसे इकडे आणण्याची कपात, हे सगळं जाता हातात पासष्टच्या आसपास. एक खुर्ची रिकामी राहिली तर त्यातूनही वजा. बैठक तीन तासांची, तयारी जवळपास तेवढीच, वर मधल्या आठवड्यात निरोपांना उत्तरं देणं. तासाला दहा डॉलर पडतात. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे, आणि अनेक राज्यांनी आपलं त्याहून बरंच वर नेलं आहे. म्हणजे तिकडे भाडं भरून राहणाऱ्या मास्टरला ह्यावर पोट भरणं अवघड. पुण्यात नोकरी सांभाळून करणारीला ते परवडतं, कारण डॉलर इथे रुपयांत उतरतात. पैसे घेऊन खेळ चालवणारे श्रीमंत होतायत, असा जो सूर वादात लागतो तो ‘क्रिटिकल रोल’ ह्या खेळून दाखवण्याच्या कार्यक्रमाकडे बघून लागत असावा. त्या मंडळींनी २०१९ मध्ये आपल्या खेळावरच्या ॲनिमेशनसाठी प्रेक्षकांकडून एक कोटी डॉलरहून जास्त निधी जमवला. पण ते नट आहेत आणि त्यांना प्रेक्षक पैसे देतात. टेबलावर बसलेला खेळणारा देत नाही. तो वेगळा धंदा आहे.

पैसा खरा कुठून कुठे जातो, हे कंपनीच्या तोंडूनच ऐकायला मिळालं. टीएसआर १९९७ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’कडे गेली आणि विझर्ड्स १९९९ मध्ये ‘हॅसब्रो’कडे. डिसेंबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांशी बोलताना विझर्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी सांगितलं, की डी अँड डीमधून व्हावी तेवढी कमाई होत नाही. डंजन मास्टर हे खेळणाऱ्यांत वीस टक्केच, पण पैसे खर्च करणाऱ्यांत त्यांचाच वाटा सर्वांत मोठा. पुढच्याच महिन्यात कंपनीने खेळाचा जुना मुक्त परवाना बदलायचा घाट घातल्याचं फुटलं आणि गहजब झाला. जानेवारी २०२३ संपायच्या आत माघार घेऊन खेळाचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे करावे लागले. भाचीच्या कपाटात २०१४ च्या आवृत्तीची तीन मुख्य पुस्तकं आहेत. प्रत्येकाची छापील किंमत ४९.९५ डॉलर. शनिवारच्या पाच जणांत मिळून एक पुस्तक आहे, तेही तिनेच वाढदिवसाला दिलेलं.

पन्नास वर्षं ह्या खेळात पैसा मास्टरच्या खिशातून बाहेरच जात आलाय. तो उलटा आत यायला लागला की मैत्रीचा बाजार झाला अशी हाकाटी होते, हे मला पटत नाही. कंपनीने कमावलं, दुकानदाराने कमावलं, नकाशे चितारणाऱ्याने कमावलं, बोर्ड गेम कॅफेवाल्याने टेबलाचे आणि कॉफीचे घेतले, आणि ज्याच्यावाचून टेबल बसतच नाही त्याने मात्र हौस म्हणून काम करायचं. अनोळखी माणसांसाठी, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या दर्जाचं काम करणाऱ्याने पैसे घ्यावेत. नुसते घ्यावेत असं नाही, आधी घ्यावेत आणि भाव उघड सांगावा.

मात्र पैशाने काय मिळतं आणि काय मिळत नाही, हेही त्याच वेळी सांगायला हवं. मिळते ती खुर्ची, तयारी, वेळेची हमी आणि नि:पक्ष पंच. फासा मिळत नाही. आणि मैत्रीही मिळत नाही, हे बोलायला कडू आहे पण रविवारी मी ते पाहिलं. बैठक संपल्यावर निवृत्त शिक्षक रेंगाळले, आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगत राहिले. भाचीने पंधरा मिनिटं ऐकलं, मग नम्रपणे निरोप घेतला. लॅपटॉप मिटल्यावर ती म्हणाली, “ते चांगले आहेत रे. पण ह्याचे मी घेत नाही आणि हे मला रोज जमणारही नाही.” एकट्या माणसांसाठी ही टेबलं आठवड्यातली सर्वांत मोठी सोबत असतात. मास्टरच्या कामाचा हा भाग कुठल्याच दरपत्रकात नसतो आणि त्याचा थकवा तयारीहून मोठा असतो. जे ह्या कामात उतरू बघतायत त्यांनी भाव ठरवण्याआधी आपली हद्द ठरवावी.

शनिवारच्या टेबलाने पैसे द्यावेत का? माझ्या मते नाही, आणि भाचीच्या मतेही नाही. मित्रांनी वर्गणी काढून तिला मानधन द्यायला लागावं, म्हणजे मग तेही वेळेवर येतील, असा तोडगा एकाने सुचवला होता. तो तिने उडवून लावला. पैसे आले की अठराचे अकरा करता येणार नाहीत, आणि शनिवारी तिला ते करायचे असतात. पण पैसे नकोत म्हणजे काहीच नको, असं नाही. पावणेसातला येणारे चौघं आणि कॅबमागे पळणारे चौघं हे तिचे मित्रच आहेत आणि त्यांना हे कळायला हवं.

तेव्हा, तुम्ही अशा टेबलावर नव्याने बसणार असाल तर: अनोळखी मास्टर असेल तर भाव आधी विचारा, घासाघीस करू नका, फासे उघडे पडतात का ते विचारा, पात्र मरू शकतं का तेही विचारा. रद्द करायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा. ओळखीचा मास्टर असेल तर नियमांचं पुस्तक स्वतःचं विकत घ्या, वेळेवर जा, बश्या विसळून मगच कॅब बोलवा, आणि वर्षातून दोन-तीन शनिवार पडद्यामागे तुम्ही बसा, म्हणजे तिलाही एकदा पात्र घेऊन खेळता येईल. माझ्या भाचीला ती संधी मिळून तीन वर्षं झाली.